बार्बराच्या आधी भोकात शिरलेला माणूस

बोगद्याची छावणी, दक्षिण तोंड
५ डिसेंबर १९६२

सेराफीनाताईस,

तुझ्या धाकट्या, अर्धवट शिकलेल्या आणि तूर्त अंगात सदरा घालता येत नाही अशा अवस्थेतल्या भावाचा, म्हणजे कोसिमोचा, मनापासून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, आईचा खोकला कमी झाला असेल आणि शेळी व्याली असेल असं धरून चालतो. (व्याली नसेल तर कळवू नकोस, आईच्या तोंडून मला ते वर्षभर ऐकावं लागेल.) शाळेतल्या मोठ्या मास्तरांचे, एर्मेते मास्तरांचे, गुडघे कसे आहेत? मी मास्तरांची चौकशी करतोय हे वाचून तू चष्मा पुसशील. पूस. त्याला कारण आहे, पण ते आपल्या जागी येईल.

पत्राच्या माथ्यावर तुझं नाव आहे हे तुझ्या लक्षात आलं का? दोन वर्षांत मी पहिल्यांदाच ते लिहिलं. इथला नियम तुला ठाऊक आहे : पहिला सुरुंग उडाल्यापासून डोंगर आरपार होईपर्यंत छावणीत कुणी बाईचं नाव घ्यायचं नाही आणि लिहायचं तर नाहीच. एक बार्बरा तेवढी चालते, कारण ती संत आहे आणि सुरुंगवाल्यांना सांभाळणं हे तिचं कामच आहे. बाकी कुठलंही नाव कानावर पडलं की डोंगराला मत्सर होतो आणि तो खाली बसतो, असं आमचा मुकादम ओरेस्ते सांगतो. (स्वतःच्या बायकोला तो ‘आमचे साहेब’ म्हणतो. ‘साहेबांना सातवा महिना लागलाय’ असं तो म्हणाला तेव्हा नव्यानं आलेला एक सर्वेअर जेवता जेवता उठून गेला.) मी घरची सगळी पत्रं आपल्या वारलेल्या आजोबांच्या नावानं टाकली आणि पोस्टमन ती बिनबोभाट आईच्या हातात देत राहिला, कारण गावातले निम्मे पुरुष कुठल्या ना कुठल्या बोगद्यात आहेत आणि निम्मं टपाल मेलेल्या माणसांच्या नावानंच येतं. हे पत्र मात्र तुझ्या नावानं, शाळेच्या पत्त्यावर. आईला दाखवू नकोस. का ते पुढच्या पानावर कळेल.

तुझं नोव्हेंबरचं पत्र मिळालं. त्यात तू दोन गोष्टी मागितल्यास. एक ठळक अक्षरात : चौथीच्या पोरांसाठी बोगद्यातल्या खऱ्या साहसकथा. शहरातून आलेल्या पुस्तकात कंदील घेऊन पुराशी झुंजणारा कुणी वीर आहे म्हणे, आणि पोरं विचारतात की आमचे बाप असंच करतात का. दुसरी गोष्ट कडेच्या समासात, बारीक अक्षरात, आडवी : ‘सांते जिवंत आहे का? एप्रिलपासून त्याची ओळ नाही. नगरपालिकेतल्या फेलीचेनं आईकडे मागणी घातलीय, त्याला नाताळाच्या आत उत्तर द्यायचंय. सांतेचा विचार बदलला असेल तर तसं कळू दे, म्हणजे मी फेलीचेला हो म्हणेन.’ आणि त्याच्याखाली दोन रेघा मारून : ‘फक्त विचार. माझ्या वतीनं एक अक्षर बोलू नकोस. मी कुणाच्या पाया पडत नाही.’ ताई, समासात लिहिलेलं मी आधी वाचतो, कारण शाळेत असल्यापासून माझ्याविषयीचं खरं मत तिथेच असायचं.

आधी साहसकथा. खरं सांगायचं तर बोगद्यात साहस असं काही घडत नाही. आठ तास भोकं पाडायची, दारू भरायची, लांब जाऊन बसायचं, उडवायचं, धूर जायची वाट पाहायची आणि डबर उपसायचं. मग दुसरी पाळी तेच करते. दोन मीटर पुढे सरकलो की इंजिनियर वहीत लिहितो आणि डोंगराकडे असा बघतो की जणू तो तिथे आहे हे आजवर त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पाणी फुटलं ते खरं आहे. मागच्या फेब्रुवारीत खडकातून मनगटाएवढी धार आली, ती तासाभरात कमरेएवढी झाली. पण कंदील घेऊन झुंजायला कुणी थांबलं नाही. ओरेस्ते ओरडला, ‘पळा रे गाढवांनो!’ आणि आम्ही गाढवं पळालो. सगळ्यात पुढे आमचा पाद्री होता, तो आशीर्वाद द्यायला आला होता. पाठीमागून वाहत आलेल्या पावाच्या टोपल्या आमच्या आधी बाहेर पोचल्या. तुझ्या पोरांना सांग, त्यांचे बाप वेळेवर पळतात. पुस्तकातल्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे, आणि त्यामुळेच ते बाप नाताळाला घरी दिसतात.

आता सांते. तो पलीकडच्या तोंडावर, उत्तरेकडून खणत होता हे तुला माहीत आहेच. म्हणजे माझ्यात आणि तुझ्या प्रश्नाच्या उत्तरात एक अख्खा डोंगर होता. खिंड आठ महिने बर्फानं बंद, छावणीचा फोन फक्त इंजिनियरांसाठी, आणि मी धाडलेल्या दोन चिठ्ठ्यांना त्यानं उत्तर दिलं नाही. शेवटी मनाशी म्हटलं, कोसिमो, खणत राहा, तो समोरूनच येतोय. गेल्या तीन आठवड्यांत तर त्यांचे सुरुंग आम्हाला ऐकू यायला लागले होते. धडाम झालं की सगळे म्हणायचे, ‘जवळ आले.’ मी म्हणायचो, ‘पाहुणे जवळ आले.’ त्यातला अर्थ कुणाला कळला नाही, कळू देण्याची सोयही नव्हती.

परवा, तीन तारखेला, सकाळी अकराला डोंगर आरपार झाला. शेवटचा सुरुंग उडाला, धूर आमच्याकडे न येता भिंतीतच शिरला, आणि मागोमाग पलीकडची गार हवा तोंडावर आली. ओल्या लाकडाचा आणि परक्या सिगारेटींचा वास होता तिला. भोक पडलं होतं साधारण मोठ्या कलिंगडाएवढं, खांद्याच्या उंचीवर. पाठीमागे आमचे साठ लोक, दोन इंजिनियर, पाद्री, आणि ओरेस्तेच्या हातात लाल कापडात गुंडाळलेली संत बार्बराची लाकडी मूर्ती. रिवाज तुला ठाऊक आहे : भोकातून पहिल्यांदा बार्बरा जाते, मग साहेब, मग आम्ही. आणि बार्बरा पलीकडे पोचेपर्यंत डोंगर आरपार झाला असं धरत नाहीत. पण त्याच वेळी पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं की उत्तरेच्या पाळीचं काम इथेच संपलं, त्यांचा ट्रक बाराला सुटणार. इकडे पाद्र्यानं चष्मा लावून लॅटिन प्रार्थनेची वही उघडली. वही जाड होती. मी घड्याळाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि डोकं भोकात घातलं.

(मी असं का केलं हे ओरेस्तेनं मला त्यानंतर अकरा वेळा विचारलंय. माझ्याजवळ एकच उत्तर होतं आणि त्यात बाईचं नाव होतं.)

डोकं गेलं, खांदे तिरके करून गेले, आणि कमरेपाशी मी थांबलो. आईनं विणलेले दोन स्वेटर, त्यांच्या आत सदरा आणि सदऱ्याच्या आत सकाळच्या न्याहारीचं तिखट सॉसेज, आपल्याकडचं, हातभर लांब. बाहेर काढायला वेळ मिळाला नव्हता. तर असा मी, अर्धा दक्षिणेत आणि अर्धा उत्तरेत. समोर पाहतो तो उत्तरेचे ऐंशी लोक स्वच्छ टोप्या घालून ओळीनं उभे, कुणी वर्तमानपत्राचा फोटोवाला, आणि एक पितळी बँड. बँडला सांगून ठेवलेलं, भोकातून बार्बराचं तोंड दिसलं की वाजवायला लागा. त्यांनी तोंड पाहिलं आणि वाजवायला लागले. अर्धं कडवं झाल्यावर त्यांचा मुकादम, बेर्गामोकडचा एक भला मोठा माणूस, हात वर करून म्हणाला, ‘थांबा रे. ह्या बार्बराला दाढी आहे.’

मग दोन्हीकडे आरडाओरड सुरू झाली. मागून ओरेस्तेनं माझे बूट धरून ओढले. बूट गेले, मी राहिलो. पुढून बेर्गामोवाला माझ्या टोपीवर हात ठेवून मला परत ढकलायला लागला. ‘संताच्या आधी कुणी येत नाही, जा मागे,’ म्हणे. मी म्हटलं, ‘मामा, जाता आलं असतं तर गेलो नसतो का?’ ओढण्याढकलण्यात सॉसेज फुटलं. ताई, आई त्यात मिरची किती घालते ते आपण पोटाच्या आतल्या बाजूनं अनुभवलंय. बाहेरच्या बाजूनं अनुभवणारा घरातला मी पहिला.

‘सांते आहे का तुमच्यात?’ मी ओरडलो. ‘सांते, पलीकडच्या दरीतला, चेस्टनटच्या जत्रेत अकॉर्डियन वाजवणारा?’ ऐंशी टोप्या वळल्या आणि अगदी मागून तो आला. वाळलाय. हातात पिशवी, निघायच्या तयारीत. मला पाहून तो हसला नाही, आणि भोकात अडकलेल्या माणसाला पाहून न हसणं म्हणजे माणसाचं काहीतरी गंभीर झालंय हे मी ओळखलं.

आता अडचण बघ. बार्बरा माझ्या पायांपाशी अडून बसलेली, म्हणजे डोंगर अजून आरपार नव्हता, म्हणजे तुझं नाव घ्यायची सोय नव्हती. मी म्हटलं, ‘शाळेतून विचारणा आलीय.’ तो म्हणाला, ‘मास्तरांची?’ मला कळेना, तरी म्हटलं, ‘हो, धर की मास्तरांचीच. मास्तर विचारतात, तुझा विचार बदलला का? तसं असेल तर ते नाताळाला नगरपालिकेतल्या कारकुनाशी लग्न करतील.’ बँडवाल्यानं तोंडातलं बिगूल काढलं. बेर्गामोवाला पाद्र्याच्या शोधात इकडेतिकडे बघायला लागला, पण पाद्री माझ्या मागच्या बाजूला होता.

सांतेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘विचार माझा बदलला? मास्तरांनीच मला दहापैकी चार दिले!’ आणि त्यानं खिशातून मेणकापडाची पुडी काढून माझ्या नाकासमोर धरली. त्यातून निघाली त्याची तीन पत्रं, सगळीकडून लाल.

इथे जे मला तिथे तुकड्यातुकड्यानं कळलं ते तुला सरळ सांगतो. मार्चअखेरीपर्यंत सांते हा नियम न पाळणाऱ्यांतला होता आणि तुझ्या नावानं शाळेच्या पत्त्यावर लिहायचा. मग एका पाळीत तो भोकं पाडताना तुझं नाव गाण्यात घालून गायला. गाणं संपायच्या आत छत बसलं, त्याच्यापासून दोन मीटरवर. त्याच्या जोडीदाराचा, इलारिओचा, पाय गेला. त्या दिवशी सांतेनं शपथ घेतली की डोंगर आरपार होईपर्यंत तुझं नाव ओठांवरही नाही आणि कागदावरही नाही. पण लिहिणं तर थांबवायचं नव्हतं. आपल्या घरी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा मेलेल्या आजोबांच्या नावानं लिहिणं शक्य नव्हतं. मग त्यानं विचार केला, त्या शाळेत दुसरा पुरुष कोण? एर्मेते मास्तर. पत्र त्यांच्या नावानं टाकलं की ते बघतील, समजतील आणि शेजारच्या वर्गात नेऊन देतील, जसा आपला पोस्टमन देतो. आतही बाईचं काही येऊ नये म्हणून सुरुवात ‘प्रिय मास्तर’ आणि पुढे सगळं तसंच : ‘प्रिय मास्तर, दिव्याच्या उजेडात मला तुमचेच डोळे दिसतात.’

एर्मेते मास्तर टपालातल्या रिवाजांचे नव्हेत. ते शुद्धलेखनाचे. दूर कामाला गेलेल्या कुणीही त्यांना पत्र लिहावं, ते चुका सुधारून परत पाठवतील, असं ते दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सांगतात हे तुला माहीत आहे. (पाच वर्षांत तीनच माणसांनी लिहिलं. मी चौथा होऊ नये म्हणून पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकानं उतरायचो.) त्यांना वाटलं, परगावचा एक होतकरू माणूस पत्रलेखनाचा अभ्यास करतोय. त्यांनी मन लावून तपासलं. पहिल्या पत्रावर : ‘भावना पुरेशा, विरामचिन्हे अपुरी. ४.’ दुसऱ्यावर : ‘डोळ्यांची उपमा मागच्या पत्रातलीच आहे. नवीन शोधावी. ४.’ तिसऱ्यावर, जुलैतल्या, ज्यात बिचाऱ्यानं ‘तुमच्याशिवाय मला जगता येत नाही’ असं तीनदा लिहिलं होतं : ‘पुनरुक्ती टाळावी. ४.’ सही नाही, वर शाळेचा शिक्का. सांतेनं तुझं अक्षर पाहिलेलं, आणि तुझं अक्षर मास्तरांनीच वळवलेलं. त्यानं समजायचं ते समजलं. एकदा नव्हे, तीन टपालांत तू त्याला चार दिलेस.

पण ताई, तो चार! शेपटीला गाठ मारलेला, उंदरानं मागे वळून पाहावं तसा. तो चार मी अंधारात, पाण्याखाली, मरतानासुद्धा ओळखीन. इटलीत त्या चाराशी माझ्याइतकी जुनी ओळख कुणाची नसेल. मी म्हटलं, ‘सांते, गाढवा, हा चार खऱ्या एर्मेते मास्तरांचा; त्यांनी लाल शाईत कधी पाच काढलेला नाही. ताई चौथीच्या पोरांना निळ्या शाईत सात देते, फळ्यावर नुसतं नाव लिहिलं तरी.’ सांते डबराच्या ढिगावर बसला. पत्रं उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, ‘मग तिचं म्हणणं काय?’

त्यावर मी तुझं म्हणणं त्याला योग्य शब्दांत कळवलं.

मग त्यानं पिशवी खाली ठेवली, माझ्या बगलांत हात घातले आणि बेर्गामोवाल्याला म्हणाला, ‘मुकादम, तेल आणा.’ कंप्रेसरचं तेल ओतून चौघांनी मला ओढलं. मी निघालो तेव्हा दोन्ही स्वेटर आणि सॉसेज दक्षिणेतच राहिले. माझ्या मागून दहा मिनिटांनी बार्बरा आली, तेलकट आणि थोडी तिखट, बँडनं कडवं पहिल्यापासून वाजवलं, आणि आमच्या इंजिनियरनं मोजून सांगितलं की दोन्हीकडच्या रेषांत फक्त अकरा सेंटिमीटरचा फरक पडला. तो रडला. दोन वर्षं, सहा किलोमीटर आणि अकरा सेंटिमीटर. पोरांना हे आकडे फळ्यावर लिहायला सांग.

तर ताई, सांते जिवंत आहे आणि विचार बदललेला नाही. सात जानेवारीला त्याला आणि मला दोघांनाही नव्या बोगद्यावर हजर व्हायचं आहे, तिथला पहिला सुरुंग त्याच दिवशी. म्हणजे नाव घ्यायला, लिहायला, लग्नासाठी चर्चमध्ये पुकारायला जे काही दिवस आहेत ते ह्या दोन डोंगरांच्या मधले. त्यानंतर चार वर्षं पुन्हा बार्बराच. आईला नमस्कार, शेळीला गवत. ओरेस्ते माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे इथे हल्ली शांतता आहे.

तुझा
कोसिमो

ता. क. : सांतेनं ऑक्टोबरात चौथं पत्र टाकलं होतं, ते परत आलं नाही. त्यात म्हणे त्यानं शेवटचं विचारलंय. ते मास्तरांच्या मेजावर असणार. जाऊन आण. तपासलेलं असलं तरी आण. पण मास्तरांना काही बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल. सांतेचं विरामचिन्हांचं खरोखर सुधारलंय.

ता. क. दुसरा : साहसकथेत भोकात अडकलेला माणूस कोण ते पोरांना सांगू नकोस. उत्तरेकडचा कुणीतरी म्हण.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे हे पत्र ह्यासाठीच : वर ‘योग्य शब्दांत’ असं लिहिलंय ते तीनच शब्द होते. ‘ती हो म्हणाली.’ तू दोन रेघा मारल्या होत्यास हे मला आठवत होतं. पण पोट पेटलं होतं, मागे ओरेस्ते पायांना लटकला होता, आणि सांते ज्या तोंडानं बघत होता ते तू पाहिलं असतंस तर तूही तेच म्हणाली असतीस. निदान मी तसं धरून चाललो. ऐंशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं लिहून घेतलं. सांते तुरीनला सूट शिवायला उतरलाय, पंधरा तारखेला सकाळी तो शाळेच्या दारात उभा राहील. टपालानं दगा दिला नाही तर तुला पाच दिवस मिळतात, नवल न वाटल्याचं तोंड करून बघायला. आणि ‘नाही’च म्हणायचं असेल तर ते तूच त्याच्या समोर म्हण. ते भोक आता ट्रक जाईल एवढं रुंद झालंय; अडकलो होतो म्हणून बोललो, ही सबब मला पुन्हा मिळायची नाही.